देवीची गाडी तापते तेव्हा

देवीला आमची गाडी नकोशी झालीय, हा विचार वर्षभर माझं डोकं खात होता. एरवी मी असल्या गोष्टींच्या वाटेला जाणारी नाही. आमच्या चाळीत एक काकू आहेत, त्यांना दुधावरच्या सायीतसुद्धा देवीचं रूप दिसतं. त्या सांगायला लागल्या की गॅसवर काहीतरी ठेवलंय असं म्हणून मी सटकते. पण मनात एकदा शंका शिरली की सगळं शहाणपण कुठल्या कुठे जातं, आणि माझंही गेलं.

गाडी म्हणजे लष्कराचा जुना ट्रक. गिरणी बंद पडल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो लष्कराच्या लिलावात घेतला आणि बरीच वर्षं रे रोडच्या लाकडाच्या वखारींतून त्यावर माल वाहिला. आता तो धंदा राहिला नाही आणि आप्पांचे गुडघेही राहिले नाहीत. ट्रक तिथल्याच एका वखारीच्या शेडमध्ये उभा असतो. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी परळच्या मूर्तीच्या कारखान्यातून आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत देवी आणायची, एवढंच आता त्याचं काम. चालवते मी. दादरला विम्याच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई एवढा अवजड ट्रक हाकते म्हणून पूर्वी लोक बघायला थांबायचे. आता सगळ्यांना सवय झालीय. शिकवलं आप्पांनीच. माझ्या भावाला ग्रीसचा वास सहन व्हायचा नाही, मला आवडायचा.

मागच्या वर्षी आप्पांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी देवीला नवस बोलले की आप्पा उठून घरी आले तर तुला आणणाऱ्या गाडीला दरवर्षी झेंडूची चादर घालीन. आप्पा आले. मी दादरच्या फुलबाजारातून टोपल्या भरून झेंडू आणला, चाळीतल्या बायकांनी रात्रभर ओवला आणि ट्रकच्या तोंडावर बोनेटपासून खाली बंपरपर्यंत फुलांची गच्च चादर बांधली. काय देखणा दिसत होता ट्रक! आणि त्याच दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, तो देवीला घेऊन रस्त्यात तापून बंद पडला. शेवटी दोरखंड लावून पोरांनी ओढत आणला. आप्पा गॅलरीत उभे राहून बघत होते, आणि त्यांच्याकडे मान वर करून बघायची माझी छाती झाली नाही. मंडळाचा अध्यक्ष बाळू माझ्या बरोबरीचा, एकत्र वाढलोय आम्ही. तो नंतर घरी येऊन म्हणाला, "ताई, राग मानू नको. पुढच्या खेपेला पण असं झालं ना, तर मग भाड्याची ट्रॉली करू. लोक बोलतात गं." आप्पा लगेच म्हणाले, "तसा झाला तर भंगारात घाला." म्हणाले अगदी सहज, पण त्या रात्री जेवले नाहीत.

मग मी हात धुऊन त्या ट्रकच्या मागे लागले. रविवार आला की डबा घेऊन रे रोडला. रेडिएटर उतरवून आतला गंज धुऊन काढला. पाण्याचे रबरी पाइप बदलले, पंखा फिरवणारा पट्टा नवा घातला, पाण्याच्या पंपाचं सील बदललं, थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतोय का ते बघितलं. इंजिनातला धूर कुठून पाण्यात शिरत असेल म्हणून रेडिएटरच्या तोंडाशी डोळे लावून बुडबुडे शोधत बसले. कुठे काही नाही. चाचणीला काढावी तर गाडी माणसाच्या चालीने वखारींच्या रस्त्यावर वर-खाली केली तरी तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर जाईना. आप्पा म्हणायचे, "गाडयेक काय एक झाला नाय गो. तू उगाच तिका सोलत बसलंस." हेच मला जास्त लागायचं. गाडीत दोष नाही, मग दोष कुठे? देवी पाठीवर असली की तापते, एरवी नाही. म्हणजे देवीलाच नको असेल. माझ्या नवसातच काही कमी पडलं असेल. म्हणून यंदा मी झेंडूची चादर दुप्पट जाड करायला सांगितली.

निघायच्या आधी चाळीच्या प्रथेप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घातलं. आप्पा खुर्चीत बसूनच म्हणाले, "बा म्हाराजा, लेकीच्या हातात गाडी आसा, तिका सांभाळून घरी हाड," आणि सगळ्यांनी एका आवाजात "होय म्हाराजा!" केलं. परळहून देवी चढवली, ढोल सुरू झाले, मी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू निघाले. लालबाग येईस्तोवर काटा चढायला लागला. मी एकीकडे काट्याकडे बघतेय आणि एकीकडे पुटपुटतेय, आई, नको गं, आज नको. काटा लालच्या तोंडाशी आला तशी गाडी कडेला घेतली. बाळू धावत आला आणि रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. मी ओरडले, "अरे मेल्या, हात भाजून घेशील! लांब हो!" ओलं गोणपाट टाकलं, थांबलो, निवल्यावर पाणी घातलं. झेंडूला पाय लागू नये म्हणून मी बाजूच्या चाकावरून चढत होते, एवढं जपत होते मी त्या फुलांना. पुन्हा निघालो आणि पुलाच्या चढाआधी काटा पुन्हा तिथेच. ढोल थांबले. बाळू फोन काढून बाजूला गेला. कुणाला लावतोय ते मला न सांगता कळलं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडले. म्हटलं, बाई, तुला नसेल यायचं माझ्या गाडीतून तर नको येऊस. माझं सगळं करून झालं. आता तूच बघ.

तेवढ्यात दारावर कुणीतरी थाप मारली. खाली एक म्हातारी उभी होती. घामेजलेली, नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात रिकामी कापडी पिशवी. म्हणाली, "बाय, ही फुलं मला देतीस?" मी चिडलेच. म्हटलं, "आजी, मिरवणूक पोचू दे, मग प्रसाद घ्या." ती हलेना. सांगायला लागली की तिची लेक इथेच हॉस्पिटलात अडलीय, कालपासून कळा देतेय. ढोल ऐकून ती धावत खाली आलीय. लेकीच्या उशाशी देवीचं फूल ठेवायचंय. मी उतरले, एक झेंडू तोडून दिला. तिने तो डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "एकाने कसं व्हायचं गं? त्या वॉर्डात सगळ्याच पोरी रडतायत. सगळी दे. देवी काय नाय म्हणायची नाय."

आता काय सांगू! नवसाची चादर, मंडपात पोचायच्या आधी काढायची नसते. आमच्याकडे नवसाचं अर्धवट सोडलं की घरावर येतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि माझ्या घरात तर ऑपरेशन झालेला बाप बसलेला. पण त्या म्हातारीच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. मीही अशीच बसले होते ना हॉस्पिटलच्या बाकावर. मी सुतळ्या सोडल्या. चादर एवढी जड की पिशवीत मावेना, बाळूने आपलं उपरणं पसरलं, त्यात गाठोडं बांधून दिलं. म्हातारी ते खांद्यावर टाकून गर्दीतून अशी चालायला लागली की मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी गाडीत येऊन बसले. इंजिन चालूच होतं. सहज काट्याकडे नजर गेली, तर तो खाली येत होता. मला वाटलं डोळ्यात पाणी आहे म्हणून तसं दिसतंय. पदराने डोळे पुसले. काटा खालीच येत होता, सावकाश, मधल्या रेघेपर्यंत, आणि तिथे येऊन थांबला. मग माझी ट्यूब पेटली. समोरच्या जाळीतून वारा आत जातो आणि रेडिएटर निवतो, हे मला आप्पांनी शाळेत असताना शिकवलं होतं. त्या जाळीवर मी वीतभर जाडीचा ओला झेंडू बांधून ठेवला होता! मागच्या वर्षी बांधला, यंदा दुप्पट बांधला. बाकी सगळी गाडी सोलली, पण त्या फुलांवर संशय घ्यायचं मनात आलं नाही. देवाचं होतं ना ते, त्याला कोण दोष देणार? मी स्टिअरिंगवर हात आपटून हसायलाच लागले. बाळू घाबरून बघायला आला. म्हटलं, "फोन ठेव तुझा. ढोल वाजवायला सांग."

पूल एका दमात चढलो. चाळीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पोरांनी आप्पांना खुर्चीसकट खाली आणलं होतं. आप्पांनी आधी देवीला हात जोडले, मग खुर्ची पुढे घ्यायला सांगून बोनेटवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. "थंड आसा गो," म्हणाले. मग जाळीकडे बघून विचारलं, "फुला खंय गेली?" मी भीतभीतच सांगितलं. म्हटलं, नवस मोडला माझा. आप्पा म्हणाले, "मोडलो खंय? बरोबर जाग्यार पोचलो."

ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. वाऱ्याची वाट अडली होती, ती मोकळी झाली, ज्याला गाडीतलं कळतं तो दोन वाक्यांत समजावून देईल. पण ती नेमकी तेव्हाच का आली, आणि सगळीच फुलं का मागितली, हे मला कुणी समजावून देऊ नये. तिची लेक सुखरूप सुटली असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. नवस मी अजून फेडणार आहे. दरवर्षी झेंडू आणीन, बायका ओवतील, आणि आम्ही तो सकाळीच त्या हॉस्पिटलात नेऊन देऊ. मला वाटत होतं, देवीसाठी मी काय काय करते. ती बिचारी मागे उभी राहून एवढंच सांगत होती की पोरी, जरा बाजूला हो, मला येऊ दे.