वरच्या वस्तीची रेंज

सगळे तिला बॅटरीमावशी म्हणत. आपत्ती विभागाच्या कार्यालयात मागच्या बाजूला तिची खोली होती. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर ड्रोनच्या बॅटऱ्या, ओळीने चार्जिंगला लावलेल्या. कुठली थकली, कुठली ऐन वेळी दगा देणार, हे ती नुसता हात लावून सांगायची. घरी नवरा म्हणायचा, "मी खोलीतून बाहेर पडायच्या आत हिचं बोट दिव्याच्या बटणावर!" वीज वाया गेलेली तिला बघवतच नसे.

त्या दिवशी सकाळी डोंगराचा कडा सुटला. खालचं अर्धं गाव गाडलं गेलं, मोबाइलचा टॉवर आडवा झाला, फोन मुके झाले. दुपारी मावशीची तुकडी पोचली ती एक ड्रोन आणि चार बॅटऱ्या घेऊन. जनरेटरची गाडी वाटेत दरडीपाशी अडकलेली. ड्रोन उंच नेऊन एका जागी तरंगत ठेवायचा आणि त्याच्यावरच्या छोट्या टॉवरसारख्या यंत्रातून फोन सुरू करायचे, असा बेत होता.

चारच्या सुमाराला ड्रोन वर गेला आणि गावातले फोन खणखणू लागले. लोक रडत होते, ओरडून पत्ते सांगत होते. मावशीची नजर मात्र बॅटरीच्या आकड्यावर.

"साहेब, पंखेच सगळी वीज खातायत. असा तरंगत ठेवला तर एक बॅटरी जेमतेम पंचवीस मिनिटं चालेल. शाळेच्या गच्चीवर उतरवून पंखे बंद केले, नुसतं यंत्र चालू ठेवलं, तर तीच सहा तास पुरेल."

"मग अडचण काय?"

"मध्ये टेकडी येते. वरच्या वस्तीची रेंज जाईल."

"घरं किती तिथं?"

"अकरा. खाली चारशे."

तुकडीच्या साहेबांनी कपाळ चोळलं. "बॅटरीचं तुम्हाला कळतं, मावशी. तुम्हीच सांगा."

"उतरवा," ती म्हणाली. वस्तीवरून मदतीची हाक आली नव्हती, तेव्हा तिथं बरं असेल असं तिनं धरून चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनरेटर आला, तोवर फोन एकदाही बंद पडले नव्हते. त्या फोनांच्या जोरावर सत्तेचाळीस माणसं ढिगाऱ्यातून जिवंत निघाली. मावशीची पाठ थोपटून थोपटून लोक दमले.

संध्याकाळी एक सुतार तंबूत आला. हात कोपरापर्यंत सोललेले. मोबाइल पुढे करून म्हणाला, "ताई, एवढा चार्ज करून द्या. आत हिचे फोटो आहेत."

तिनं वायर जोडली. "कुठून आलात, दादा?"

"वरच्या वस्तीवरून." तो खाली बसला. "काल चारला दोन काड्या रेंज आली होती. मदतीचा नंबर लावला. कुणीतरी हॅलो म्हणालं पण. आणि गेली रेंज. ही भिंतीखाली होती. मी एकटाच उकरत होतो. दिवस मावळेपर्यंत बोलत होती माझ्याशी."

मावशी गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"दादा, तो ड्रोन मी उतरवायला लावला."

त्यानं वर बघितलं. "कशाला?"

"बॅटरी वाचवायला."

"वाचली का?"

"वाचली."

त्यानं मान हलवली, जणू एखाद्या फळीचं माप ऐकलं. मग तंबूच्या खांबाला टेकून डोळे मिटले. फोन पुरता चार्ज झाल्यावर तिनं वायर काढून तो त्याच्या हातात दिला.

पुढे तिच्या युक्तीचा नियम झाला. त्यात तिनं हट्टानं एक ओळ घालून घेतली: ड्रोन उतरवण्याआधी ज्यांची रेंज जाणार, त्या प्रत्येकाला दहा मिनिटं आधी संदेश जायला हवा. साहेबांनी सही केली आणि हळूच विचारलं, "मावशी, भिंत उकरणारा माणूस संदेश वाचायला थांबेल का हो?"

ती ओळ तिनं तशीच राहू दिली. नोकरी तिनं सोडली नाही. घरी मात्र आता दिवे जळत राहतात. नवराच उठून बंद करतो.