घंटागाडीवरचं फूल

माझ्या मामेसासऱ्यांना एखादी गोष्ट समजावून सांगायला लावा. तुम्हाला आधी जे थोडंफार कळत होतं तेही कळेनासं होईल, याची लेखी हमी द्यायला मी तयार आहे. गृहस्थ चित्रकलेचे निवृत्त मास्तर. राहतात यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पण 'गाव' म्हटलेलं त्यांना खपत नाही. "शहर म्हना, जावईबापू. आपल्याले चिन्ह आहे!" चिन्ह म्हणजे पाच पाकळ्यांचं एक फूल. नगर परिषदेच्या कमानीवर, पाण्याच्या टाकीवर, कचऱ्याच्या घंटागाडीवर, सगळीकडे तेच. तरुणपणी ते मामांनीच काढलं. या सगळ्या प्रकरणात नक्की म्हणावी अशी ही एकच गोष्ट.

सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की लोक कचऱ्याचा डबा घेऊन धावतात, मामा ब्रश घेऊन धावतात. एकदा गाडीवरच्या फुलाची पाकळी खरचटलेली दिसली, तर यांनी भर चौकात गाडी अडवली. मागे ऑटोंची रांग, त्यामागे नेरची एसटी, सगळे हॉर्न वाजवताहेत. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "मास्तर, आत कचरा आहे, वास येऊन राह्यला." "म्हनूनच तं वरतं फूल आहे," असं म्हणून मामांनी पाकळी पुरी केली, फुंकर घालून वाळवली आणि मगच गाडी सोडली.

पण हे फूल कोणतं? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी सहज विचारलं. "पळस," मामा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी कापसाच्या अडत्याला ते कपाशीचं फूल म्हणून सांगत होते. संध्याकाळी बुद्धविहारात त्याचं कमळ झालं, आणि झरी जामणीहून वनरक्षक पाहुणा आला तेव्हा मोह. मी म्हटलं, "मामा, काल तर पळस होता!" तर म्हणतात, "पळसच आहे. पन तो कापसाचा मानूस, त्याले पळस सांगून काय फायदा?" मी मान डोलावली. तेव्हापासून डोलावतोच आहे.

यंदा मात्र प्रकरण अंगाशी आलं. ज्याचा अर्थ कोणालाच सांगता येत नाही ते चिन्ह ठेवायचं कशाला, नवं करू, अशी टूम निघाली आणि मामांना नगर परिषदेच्या सभेत बोलावणं आलं. फूल कोणतं ते सांगा, नाहीतर पुसून टाकतो. त्या दिवशी मामा जेवले नाहीत. "हे पुसलं तं माह्यं काय राह्यलं इथं, जावईबापू?" एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मी सोबत गेलो. मामा उभे राहतात न राहतात तोच एक शेतकरी सदस्य गरजला, "अहो, पाकळ्या कश्या मिटेल आहे पाहा! हे तं डोमकळी होय, कपाशीची किडकी कळी. आत बोंडअळी असते. आमी वावरात दिसली का तोडून फेकतो, आन तुमी कमानीवर लावली?" सभेत हशा पिकला. मी डोळे मिटून घेतले. आता संपलं.

"असन बावा, डोमकळी असन," मामा हळूच म्हणाले. "नवं लगन झालं होतं. आमची इंदू वावरातून आली, केसात हे फूल. मी इंदूले पाहून राह्यलो होतो. फूल कोन पाह्यते?"

 मग त्या शेतकऱ्यानंच टाळी वाजवली. फूल राहिलं.

मी धावत घरी येऊन मामींना सगळं सांगितलं. त्या तूर निवडत होत्या. "मायबाई! ते फूल तं लग्नाच्या आधीचं होय," त्या म्हणाल्या. "तवा मले याईनं पाह्यलंबी नव्हतं!"

मी कपाळाला हात लावला. "म्हणजे मामा चक्क खोटं बोलले?"

"खोटंच तं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पन जल्मभर 'अवं, आयकलं का' म्हनूनच बोलावलं मले. चार लोकांत काय म्हनले? पुन्हा सांगा बरं."

मी सांगितलं.

"नाव घेतलं?"

"घेतलं, मामी. दोनदा."