राखणदाराची बिडी

सकाळी पावणेसहाला गंगुबाई परब जुन्या गोदीच्या काठावर झाडू मारत होत्या. पाणी आणि आकाश अजून वेगळं झालं नव्हतं. दिव्यांची रांग धुक्यात खालीवर होत असल्यासारखी वाटत होती.

गोदी बंद झाल्यावर इथे फिरायचा रस्ता, बाक, काचेचं कॅफे झालं. जहाजं बांधायचे लोखंडी खांब नारिंगी रंगवून शोभेला ठेवले. त्यातल्या पायऱ्यांजवळच्या खांबावर गंगुबाई रोज एक न पेटवलेली बिडी ठेवतात. त्यांचे यजमान शिवा इथे क्रेनवर होते. पाळीआधी जागेच्या अदृश्य राखणदाराला बिडी द्यायची, ही त्यांची गावाकडची रीत. शिवांचे गुडघे गेले आणि वर्षापूर्वी गंगुबाईंना इथे काम लागलं, तेव्हा ती गंगुबाईंकडे आली.

काल सुपरवायझर निमेशने बजावलं होतं, पुन्हा बिडी दिसली तर पार्किंगला ड्यूटी. वाऱ्याचा काठ सोडून तिकडे जायला कुणी राजी नसतं. बिडी बंद करायची तर राखणदाराला तसं सांगायला हवं, आणि ते शिवांनीच सांगावं, म्हणून आज त्या त्यांना घेऊन आल्या होत्या.

गोदी बंद झाल्यापासून शिवा इथे फिरकले नव्हते. त्यांनी खांबाला हात लावला.

"ह्यो न्हय."

"काय न्हय?"

"आमचो खांब. त्याच्या पाठी उंबर होतो. वरीसभर बिडी कोणाक दिलंस?"

"सगळे एकाच रंगाचे केलेत, मी काय करू?"

"ह्याका फुकटची सवय लावलंस."

उंबर आता पार्किंगमध्ये होता; दोघं तिकडे गेले. बुंध्याला सिमेंटचा कट्टा, पुढे तोच जुना लोखंडी खांब, आता काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. शिवांनी त्यावर बिडी ठेवली आणि तिथेच थांबले.

"या की पुढे."

"फुडे पाणी आसा."

पुढे जुन्या पाण्यात भराव घालून केलेलं डांबर होतं, त्यावर पांढऱ्या चौकटी, आणि चौकटींवर धुकं. गंगुबाईंनाही क्षणभर पाऊल टाकवेना.

"मावशी, काठ सोडून इकडे?" निमेश मागून आला.

"मला इथेच ड्यूटी द्या."

"वारा नाही इथे. दुपारी भाजून निघाल."

"चालेल."

निमेशने खांबाकडे पाहिलं. "इथे ड्रायव्हर लोकांच्या ढीगभर बिड्या पडतात. त्यातली ही कुणाची, मी विचारत बसणार नाही."

उद्या सकाळी पावणेसहापासून गंगुबाईंची ड्यूटी पार्किंगला आहे.