विंगवरची शेवटची जागा

रग्बीतलं मला डोंबल कळतं, असं मी बरीच वर्षं ऐटीत सांगायचे. पण परदेशात, हॅमिल्टनमध्ये संसार थाटायचा आणि रग्बीशी फारकत ठेवायची, हे काही जमत नाही. मुलगा नुकता शाळेत जायला लागला होता, तेव्हा शेजारीण त्याला शनिवारी सकाळी मैदानावर घेऊन गेली. ओल्या गवतात सगळी चिल्लीपिल्ली अनवाणी पळत होती. त्यांच्यात आमचं ध्यानही पळालं आणि कुणाच्या हाती लागलं नाही. झालं! तेव्हापासून आमचे शनिवार धुक्यात, हातात थर्मास धरून, मैदानाच्या कडेला उभं राहण्यात गेले.

त्याच सुमाराला दुसरीही एक गोष्ट झाली. शाळेत जाईपर्यंत तो फक्त मराठी बोलायचा. शाळा सुरू झाली आणि बघता बघता मी 'आई'ची 'मम' झाले. मी मराठीत विचारायचं, त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मी रागावले, लाडीगोडी लावली, एकदा तर 'मराठीत मागितल्याशिवाय जेवायला वाढणार नाही' असं ठणकावून सांगितलं. तो शांतपणे उठला, कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किरकोळ दुकानातून, चिप्सचं पाकीट घेऊन आला आणि माझ्यासमोर बसून कुरुमकुरुम खाल्लं. नवरा म्हणाला, "कळतंय ना त्याला सगळं, मग झालं तर." मी म्हटलं, कळतं तर आमच्या मांजरालाही.

मी बोलतेय ते २०१६ च्या हिवाळ्याबद्दल. मुलगा वीस वर्षांचा होता. इंजिनिअरिंगचं एक वर्ष थांबवून, 'फक्त हे एक वर्ष द्या, नाही जमलं तर गुपचूप परत कॉलेजात जातो' असं आमच्याकडून कबूल करून घेऊन, तो रग्बीच्या मागे लागला होता. आमच्या प्रांताच्या व्यावसायिक टीममध्ये जाण्याचा रस्ता इथे ठरलेला असतो. नावाजलेल्या शाळेच्या टीममधून अकॅडमीत आणि अकॅडमीतून करारावर. आमच्या चिरंजिवांना साध्या शाळेच्या पहिल्या टीमनेही घेतलं नव्हतं. अंगाने लहान म्हणे. तो आपला क्लबकडून खेळायचा. तिथे एका कोचने त्याला पाहिलं आणि सीझनआधीच्या सरावाला बोलावलं. करार नाही, काही नाही. या, पळा, मग बघू.

तो विंगवर खेळायचा, म्हणजे बॉल छातीशी धरून मैदानाच्या कडेने सुसाट सुटणारा गडी. टीममध्ये दोन विंगवाले आधीच करारावर होते. तिसऱ्याची एकच जागा रिकामी होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता, एक आमचा आणि दुसरा पोरिरुआ गावाहून आलेला एक मुलगा. तो अंगाने दाराएवढा, पण स्वभावाने इतका गोड! आमच्याकडे जेवायला आला की "किआ ओरा, आंटी" असा इथला नमस्कार करत चपला दाराबाहेर काढायचा. आमच्या दिवट्याला हे अजून सांगावं लागतं. माझी आमटी तो वाटीने प्यायचा आणि वर ताट स्वतः धुवायचा.

तो गेल्यावर एकदा नवरा हळूच म्हणाला, "याचा पाय थोडा मुरगळला तर बरं होईल, नाही?"

"अहो, लाज वाटते का? आपल्या घरी जेवून गेलंय ते लेकरू!"

"थोडाच म्हटलं मी," तो म्हणाला.

जुलैमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, सरावाची शेवटची मॅच झाली. शनिवारी मॅच, मंगळवारी निर्णय, आणि ऑगस्टमध्ये सीझन सुरू. पहिल्या अर्ध्यात पोरिरुआवाला खेळला आणि झकास खेळला. दुसऱ्या अर्ध्यात आमचा उतरला. नवरा शेजारी उभा राहून जानवं नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवत होता.

बॉल त्याच्याकडे आला, तो पळत सुटला, पण बॉल हातून निसटून समोरच्या एका धिप्पाड गड्याकडे गेला, आणि त्याला अडवताना आमच्या पोराचं डोकं त्या गड्याच्या कमरेवर आदळलं. तो पडला. लगेच उठलाही. पाण्याची बाटली घेऊन पळणारा माणूस जवळ गेला, आमच्याने त्याला अंगठा दाखवला आणि चालायला लागला. मी पाहिलं, तो चुकीच्या बाजूला चालला होता. दोन पावलं टाकली, मग वळला. माझ्या मनात काहीतरी टोचलं. पण पुढच्याच खेळीत त्याने बॉल पकडला, तिघांना चकवलं आणि थेट पलीकडच्या रेषेपार जाऊन टेकवला. ट्राय! नवऱ्याने मला उचललंच. लग्नातही उचललं नव्हतं. कोचने शेवटी पोराच्या पाठीवर थाप मारली, ती आम्ही दोघांनी डोळे भरून पाहिली.

गाडीत तो मागे डोळे मिटून पडला होता. दमला असेल, म्हटलं. घरी येऊन मी पटकन कुकर लावला. वरण-भात, लिंबू, बटाट्याची भाजी. अंधार लवकर पडला होता, हीटर लावला, तिघं टेबलाशी बसलो.

तो म्हणाला, "आई, वरणावर तूप नाही घातलंस."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "काय म्हणाला? काय म्हणाला हा?"

"आई म्हणाला!" मी म्हटलं. माझा स्वतःचाच आवाज चिरकला.

"बघ! ट्राय मारली आणि मराठी सुटली! तरी मी सांगत होतो, आपोआप येईल." नवरा हसत सुटला. मीही हसले. खरंच सांगते, त्या क्षणी मला ट्रायपेक्षा त्याचं ते बोलणं जास्त गोड वाटलं. पंधरा वर्षं मी ज्यासाठी घसा कोरडा केला, ते पोर आपणहून बोललं होतं. डोळे पुसत मी तुपाचं भांडं पुढे ओढलं, त्याच्या भातावर चांगलं चमचाभर तूप वाढलं.

तो ताटाकडे बघत होता. मग मान वर करून म्हणाला, "आई, वरणावर तूप नाही घातलंस."

त्याच सुरात, अगदी तसंच. तूप त्याच्यासमोर वितळत होतं.

नवरा अजून हसत होता. मी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स आहे. तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलणारे पेशंट मी रोज बघते. आणि हा आवाज माझ्या विशीतल्या मुलाचा नव्हताच. चार वर्षांचा असताना, शाळेत जायच्या आधी, तो असाच तक्रार करायचा.

मी उठून त्याच्यासमोर बसले आणि डोक्याला मार बसलेल्यांना विचारतो तेच विचारलं. "आज मॅच कोणाशी होती?"

तो विचार करत राहिला.

"महिने उलटे म्हण बरं, डिसेंबरपासून."

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर…" तो थांबला. कपाळाला आठी पडली. "मंगळवार."

नवऱ्याचं हसू तिथेच थांबलं. पण हार मानेल तर तो नवरा कसला! "दमलाय गं तो. तुला घरातही पेशंटच दिसतात. झोपू दे, सकाळी ठणठणीत होईल."

"मी टीमच्या डॉक्टरला फोन करतेय."

हे शब्द मात्र पोराला कळले. आणि तो झटकन इंग्रजीत आला. "नो. मम, नो. आय ॲम फाइन." उभा राहायला गेला आणि टेबल धरलं. "यू रिंग देम, आय ॲम डन. यू नो दॅट."

मला माहीत होतंच. डोक्याला मार लागल्याची नोंद झाली की काही आठवडे खेळ बंद. त्यात हुज्जत नाही, वशिला नाही. ज्यांचे करार आहेत त्यांची जागा थांबते. याची कशी थांबणार? याची जागाच अजून झाली नव्हती.

"अगं, मंगळवारपर्यंत," नवरा म्हणाला. अक्षरशः हात जोडून म्हणाला. "मंगळवारी सही होऊ दे. मग सांग काय सांगायचं ते. सरावाला दोन दिवस मी त्याला सर्दी झाली म्हणून घरी ठेवतो. त्याने जन्मात दुसरं काही मागितलं का आपल्याकडे?"

मला तो पर्याय सुचलाच नव्हता असं नाही. मंगळवार काही लांब नव्हता. पण हा पोरगा सर्दीचं नाव सांगून घरी बसणाऱ्यातला नव्हता. तो सोमवारी पळणार, कोणीतरी त्याला आडवा पाडणार. एका डोक्याला लागोपाठ दोनदा मार बसला की काय होतं, हे मी पाहिलंय. अशाच एका पोराच्या आईला खुर्ची देणारी मीच होते.

मी आत जाऊन फोन केला नाही. त्याच्या पाठीमागे नाही करायचा, एवढं मला कळत होतं. तिथेच, टेबलाशी, त्याच्या डोळ्यांत बघत नंबर लावला आणि डॉक्टरला सगळं सांगितलं, कुठे आदळला ते, वरणाचं, महिन्यांचं. तूप म्हणजे काय, ते सांगताना मला रडू फुटलं.

डॉक्टर म्हणाली, ताबडतोब घेऊन या. स्कॅन झालं. आत रक्तस्राव नव्हता, देवाची कृपा. पण खेळ बंद, गाडी चालवणं बंद. मंगळवारी करारावर पोरिरुआच्या मुलाने सही केली. त्याने संध्याकाळी येऊन आमच्या पोराला मिठी मारली आणि जेवायला न थांबता गेला.

माझ्याशी घरात कोणी बोलेना. नवरा एकदा भांडी पुसता पुसता म्हणाला, "तू केलंस ते बरोबरच केलंस. पण मला आत्ता तुझ्याशी बोलवत नाही." निदान हे तरी बोलला. पोरगा ताट घेऊन खोलीत जायचा. मी बाहेरून विचारायचे, डोकं दुखतंय का? आतून काही नाही.

आशेचा एक धागा मात्र उरला होता. त्या करारावरच्या दोघांपैकी एकाचा गुडघा दुखावला. तो बरा होईपर्यंत बदली कुणीतरी लागणार होता. आमचा पुन्हा सरावाला जायला लागला, आधी नुसती सायकल, मग हळूहळू पळणं. गाडी चालवायची परवानगी अजून नव्हती, म्हणून ने-आण माझ्याकडे. तो मागच्या सीटवर बसायचा, टॅक्सीत बसल्यासारखा. मी आरशात बघायचे, तो खिडकीबाहेर बघायचा. मीही कमी नाही. 'बस बापडा, मी काही माफी मागणार नाही,' असं म्हणून रेडिओ लावायचे आणि लाल सिग्नलला गुपचूप डोळे टिपायचे.

सीझनच्या तोंडावर कोचने त्याला भेटायला बोलावलं. मी मैदानाबाहेर गाडीत बसून राहिले. दुपारची वेळ, काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरलेली. पुसायची, दाराकडे बघायचं, पुन्हा पुसायची. देवाचं सगळं म्हणून झालं, म्हणायचं काही शिल्लक राहिलं नाही.

तो आला. आज मागे गेला नाही. पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसला, बॅग पायाशी ठेवली.

"आई," तो म्हणाला, "नाही घेतलं मला."

कुठल्याही आईने आधी लेकराला जवळ घेतलं असतं. मला मात्र ते मराठी ऐकून धडकी भरली. मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, डोळ्यांत पाहिलं.

"महिने उलटे म्हण."

"मम…"

"म्हण म्हणते ना!"

तो म्हणायला लागला. "डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर. सप्टेंबर." आणि ऑगस्टपाशी थांबला.

त्याचे ओठ थरथरत होते, गालावरून पाणी ओघळत होतं. त्याने बाहीने नाक पुसलं.

"ऑगस्ट," तो म्हणाला. "जुलै. जून. मे." पुढचे सगळे त्याने न अडखळता म्हटले. जानेवारी झाल्यावर माझा हात हनुवटीवरून काढून स्वतःच्या हातात घेतला, घट्ट, आणि म्हणाला, "झालं, आई. सगळे झाले."

मी गाडी सुरू केली, पण निघायला वेळ लागला, कारण त्याने हात सोडला नव्हता.