इंजिनावरचा कणकेचा गोळा

उद्यमनगरात आमच्या समोरच्या मेकॅनिकचं नाव मी कधी विचारलं नाही. जुन्या विलायती दोन सीटांच्या गाडीत तो नवं, मोठं इंजिन बसवत होता. बॉनेट कापलंस तर गाडी परत नेईन, असं मालकानं बजावलं होतं.

रोज सकाळी मेकॅनिक आमच्या दारात हजर. "मावशी, कणकेचा गोळा द्या की."

गोळा इंजिनावर ठेवून तो बॉनेट लावायचा, चेपलेली कणीक बघायचा आणि इंजिन आणखी खाली घ्यायचा.

"चपात्या लाटतोस काय रे तिथं?"

"बॉनेट लावल्यावर आत दिसतंय कुठं? कुठं टेकतंय ते हीच सांगती."

एक दिवस तो गोळा हातात घेऊन पळतच आला. बॉनेट पूर्ण लावूनही गोळ्यावर माझ्या बोटांचे ठसे तसेच होते. ग्रीस लागलं नसतं तर त्याचीच चपाती करून त्याला वाढली असती.