डिस्कचा पहारेकरी

नकाशांच्या कचेरीत त्याला सगळे पहारेकरी म्हणत, आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडे. मोजणीवाले दुपारी तीनला डोंगरातून येत, आपली डिस्क त्याच्या टेबलावर ठेवत आणि चहाला पळत. तो ती युनिक्सच्या यंत्राला, म्हणजे कचेरीच्या संगणकाला, जोडून नकाशे उतरवून घेई. त्याला चार तास लागत आणि तेवढा वेळ तो खुर्चीला चिकटून बसे.

कारण खुर्ची सोडताना लॉगआउट करायचं, असा कचेरीचा नियम. आणि लॉगआउट केलं की यंत्र डिस्क सोडून मोकळं. नवा असताना एकदा तो पाचला निघून गेला. सकाळी सवयीने डिस्कवरचं सगळं पुसून ती परत दिली, मग कळलं की अर्धाच डोंगर उतरला होता. मोजणीवाले तो पुन्हा चढले, त्याचा उद्धार करत. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला.

घरी वडील होते. सकाळी त्यांचे गुडघे आखडलेले, अंधारात दिसत नाही. हाती उरायची ती संध्याकाळ. उजेड आहे तोवर मला एकदा नदीपर्यंत ने, एवढंच त्यांचं मागणं. तो म्हणे, उद्या नक्की. त्याला दोन वर्षं झाली. मोजणीवाल्यांना रविवारही माहीत नव्हता. वडिलांचे पाय थकत चालले होते आणि त्याच्या जिवाला तोच घोर होता.

यंत्रं सांभाळायला नव्या बाई आल्या. तुम्ही रोज नुसते बसून का असता, असं त्यांनी विचारलं. त्याने अर्ध्या डोंगराची कथा साग्रसंगीत सांगितली.

"मग लॉगआउटनंतरही डिस्क धरून ठेव, असं यंत्राला सांगायचं ना," बाई म्हणाल्या.

"सांगता येतं?"

"एका ओळीत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

बाईंनी ती ओळ लिहिली आणि जेवायला गेल्या. पाचला त्याने लॉगआउट केलं. दोनदा जिन्यातून परत येऊन पाहिलं. डिस्कचा दिवा लुकलुकत होता, काम चालू होतं.

घरी पोचला तेव्हा लख्ख उजेड होता. वडील दाराशी स्टुलावर बसले होते, पायात बूट.

"मी लवकर येणार हे तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"कळलं कुठे? रोज पाचला घालतो. अंधार पडला की काढून ठेवतो."

त्याला फार वाईट वाटलं. तो खाली वाकून त्यांच्या बुटाची नाडी बांधू लागला. ती नीटच बांधलेली होती.