दादाच्या पेपराला रायटर

आमच्या घरात मारायला हात सगळ्यांचेच सैल. अर्धापूरच्या अलीकडं आमची केळीची बाग, आणि बागेत ठिबकच्या काळ्या नळ्यांचे तुकडे जागोजागी पडलेले. ढोर बागेत शिरलं की नळी, पोरगं शाळा बुडवून आलं की तीच नळी. वडिलांनी माझ्या मांडीवर उठवलेला वळ आठ-आठ दिवस राहायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही, मलासुद्धा. मार बसला की विषय मिटला, पुन्हा त्यावर कुणी बोलायचं नाही, असा आमच्या घरचा कायदाच होता.

शाळेतही तेच. इंग्रजीचे सर उलट्या हातावर पट्टी मारायचे, तीही उभी. माझं अक्षर लई देखणं होतं. वही बघून सर खूश व्हायचे, आणि वाचायला उठवलं की तीच वही माझ्या डोक्यात घालायचे. इंग्रजी मला नको होती असं नाही. मला ती आवडायची, ऐकायला तर फारच. पण तोंडातून निघताना तिचा पार चोथा व्हायचा आणि वर्ग हसायचा. मार मी कितीही खाल्ला असता, ते हसणं मात्र डोक्यात जायचं. आठवीत एकजण जरा जास्तच हसला, तर मधल्या सुट्टीत मी त्याचं नाक फोडलं. त्याच्या शर्टावर रक्त बघून मला भीती वाटायला पाहिजे होती. मला तर हिरो झाल्यासारखं वाटलं.

कारण माझ्या डोक्यात पिक्चर होते. साऊथचे, हिंदीत डब केलेले, आणि तेही फक्त मारामारीचे. प्रेमबिम सुरू झालं की मी पुढं पळवायचो. एका बुक्कीत चारजण हवेत जायचे, जीप पेटायची, माणसं काचा फोडून खाली यायची, आणि मी मोबाईलमधे तोंड खुपसून जेवण विसरायचो. माझ्या शेजारी दादा बसलेला असायचा. दादा म्हणजे काकाचा मुलगा, माझ्याहून एका वर्षानं मोठा, इंग्रजीत घरातला एकमेव हुशार. पिक्चर बघायला त्यालाही आवडायचं, पण त्याला एक वाईट खोड. ऐन फायटिंगमधे विचारायचा की तो गाडीखाली आलेला माणूस दवाखान्यात कुणी नेला असंल. मी म्हणायचो, गप की बे, तो व्हिलनचा माणूस हाय.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं नांदेडला थिएटरात गेलो. त्या पिक्चरमधे एक सीन होता. व्हिलनचा माणूस टेबलावर हात ठेवून हिरोला हसतो, हिरो बाजूचा दांडा उचलतो आणि एकाच फटक्यात तो हात मोडतो. अख्खं थिएटर शिट्ट्या मारून राहिलं होतं. त्याच वेळी आमच्या पुढच्या रांगेत जागेवरून खरीच जुंपली. एकाची भुवई फुटली, तो कपाळ दाबून बसून राहिला, आणि पिक्चर चालूच. दादा म्हणाला चल, जाऊ. मी हललो नाही. उलट तो सीन नीट दिसला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दादाला ओढून पुन्हा घेऊन गेलो.

तेव्हा आम्ही दोघंही लातूरला शिकत होतो. दादा बारावीला, मी अकरावीला, एकच खोली, दोन लोखंडी पलंग, मधे टेबल. मी मराठी शाळेतून आलेलो आणि इथं फिजिक्सपासून सगळंच इंग्रजीत. तास संपल्यावर मला नुसता आवाज आठवायचा. म्हणून घरच्यांनी ठरवलं, दादानं रोज माझी इंग्रजी घ्यायची. दादानं कायदाही घरचाच लावला, एका चुकीला एक चापट. घरी कळलं तेव्हा वडील फोनवर म्हणाले, दोन मारत जा.

त्याच्या बोर्डाला दहा दिवस राहिले होते. दुपारची वेळ, शेजारच्या खोलीतली अकरावीची दोन पोरं आमच्याकडं बसलेली. दादानं मला त्यांच्यासमोर उतारा वाचायला लावला. मी अडखळलो. त्यानं माझा आवाज काढून तीच ओळ वाचून दाखवली, मान हलवत, हेल काढत, आणि एक चापट दिली. पोरं पोट धरून हसायला लागली आणि दादाही हसला. उजवा हात टेबलावरच्या पुस्तकावर तसाच ठेवून हसला. माझं टाळकं सरकलं. कोपऱ्यात क्रिकेटचा स्टंप उभा होता. तो मी कधी उचलला ते मला आठवत नाही असं मी पुढं कुणाला तरी सांगितलं होतं, पण ते खोटं आहे. मला सगळं आठवतं. आपण त्या पिक्चरमधल्यासारखं मारतोय हे मला मारतानाच माहीत होतं.

वाळलेली काडी मोडावी तसा आवाज आला. पिक्चरमधे आवाज मोठा असतो. दादा ओरडला नाही. त्यानं हात छातीशी धरला, तोंड पिवळं पडलं आणि तो तिथंच पायावर ओकला. शिट्ट्या कुणीच मारल्या नाहीत.

डॉक्टर म्हणाले, पंजातली दोन हाडं मोडलीत, सहा आठवडे प्लास्टर. दादानं दवाखान्याच्या पायरीवरून काकाला फोन लावला आणि बाथरूममधे घसरून पडलो म्हणून सांगितलं. पोरांनाही तेच सांगायला लावलं. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी वाट बघत होतो की आता हा मला मारंल, डाव्या हातानं का होईना, आणि विषय मिटंल. त्यानं मारलं नाही. मला झोप लागेना, जेवण जाईना, इतकं ते न मारणं माझ्या अंगावर आलं.

काकानं त्याला आधीच बजावून ठेवलं होतं, मार्क कमी पडले तर वह्या गुंडाळायच्या आणि केळीत यायचं. आता मार्क राहिले बाजूला, पेपर लिहायलाच हात नव्हता. कॉलेजात सांगितलं की डॉक्टरचा दाखला दिला तर रायटर मिळतो, म्हणजे मुलानं तोंडानं सांगायचं आणि रायटरनं लिहायचं. फक्त रायटर खालच्या वर्गातला पाहिजे. अकरावीतली ती दोन पोरं आपापल्या परीक्षेचं नाव सांगून सटकली. उद्यापर्यंत नाव द्या, असं क्लार्कनं सांगितलं. तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा दादानं माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, ह्याचं नाव लिहा, अक्षर चांगलं हाय ह्याचं.

मग उरलेले दिवस तो सांगायचा आणि मी लिहायचो. चुका लई व्हायच्या. प्रत्येक चुकीला माझी मान आपोआप खाली जायची, चापटीची वाट बघत. तो नुसता म्हणायचा, पुन्हा लिही. मेसचा डबा आला की तो डाव्या हातानं भाकरी मोडायला बघायचा, भाकरी ताटातून निसटायची, वरण मांडीवर सांडायचं. मी घास करून दिला तर तोंड फिरवायचा. पॅन्टचं बटन मात्र त्याला लागेना. ते रोज सकाळी मी लावायचो, आणि तेवढा वेळ दोघंही भिंतीकडं बघायचो.

पहिलाच पेपर इंग्रजीचा. आम्हाला वेगळी खोली दिली होती, समोर एक मॅडम. दादा हळूहळू सांगत गेला, मी घामेजल्या हातानं लिहीत गेलो. शेवटाकडं प्रश्न आला, पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाचं परीक्षण लिहा. त्याऐवजी दुसरेही प्रश्न होते आणि दादाला ते येत होते. त्यानं हाच घेतला. नांदेडला दोनदा पाहिलेला तो पिक्चर. गोष्ट सांगितली, गाणी सांगितली, हिरोचं काम चांगलं आहे म्हणून सांगितलं. मग थोडा थांबला आणि इंग्रजीत जे बोलला ते मराठीत असं होतं: हिरो एका माणसाचा हात मोडतो तेव्हा सगळे टाळ्या वाजवतात, पण तो माणूस दुसऱ्या दिवशी जेवला कसा, हे दिग्दर्शकानं दाखवलेलं नाही.

माझा पेन थांबला. मॅडम म्हणाल्या, लिही बाळा, वेळ जातोय. मी लिहिलं. डोळ्यांतलं पाणी पेपरावर पडू नये म्हणून मान मागं घेऊन लिहिलं. पुन्हा वाचून दाखव, असं दादानं सांगितलं आणि मला ते वाक्य मोठ्यानं वाचावं लागलं. मी कुठंच अडखळलो नाही.

गेटवर काका उभे होते, हातात केळीची फणी. पेपर कसा गेला म्हणून विचारलं. चांगला गेला, असं दादा म्हणाला. काकानं केळं सोलून दादाच्या डाव्या हातात दिलं आणि त्याच्या प्लास्टरवरून हात फिरवत बाथरूमच्या फरशीला शिव्या घातल्या. ते मला ऐकवेना.

"काका, दादा घसरला न्हाई," मी म्हणालो. "मी स्टंपानं मारलं त्याला."

काकानं दादाकडं बघितलं. दादा खाली बघून राहिला. मग काकाचा हात वर गेला आणि मी, लहानपणापासूनची सवय, तोंड वाचवायला उजवा हात आडवा धरला. तेवढ्यात दादा मधे घुसला. प्लास्टरच्या हातानं त्यानं माझा हात खाली दाबला आणि स्वतःच्या अंगामागं ढकलला.

"हाताला मारू नका, पप्पा," तो म्हणाला. "अजून पाच पेपर हायेत."

काकानं मग माझ्या पाठीत मारलं.